फोरमनचा निकाल

१९८८ च्या एप्रिलमध्ये फोरमननी स्वतःच्या गाडीविरुद्ध निकाल दिला. तो त्यांना कोणी द्यायला लावला नव्हता.

ते अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मोजल्याशिवाय कशालाही हो म्हणायचे नाहीत. चहात साखर कमी आहे म्हटलं, तर विचारायचे, "किती कमी?"

कुळगावातली आमची गल्ली अरुंद होती. आदल्या वर्षी शेजारच्या बाईचं मूल उल्हासनगरच्या हॉस्पिटलच्या वाटेवर, रिक्षात दगावलं. आता माझ्या वहिनीला आठवा महिना होता. पेशंट न्यायला गल्लीची एक जुनी गाडी असावी, असं ठरलं. फोरमन आपली अ‍ॅम्बेसिडर द्यायला तयार होते. उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले शेठ पद्मिनी विकत होते. पारख फोरमननीच करायची होती.

"तुमचीच गाडी आणि तुम्हीच पंच?" माझ्या भावाने टोकलं.

"टेप माझं ऐकत नाही," फोरमन म्हणाले.

त्यांनी पद्मिनीची मागची सीट टेपने मोजायला घेतली, तेव्हा शेठ हसले. "साईं, गाडी देखने आये हो या सूट सिलवाने?"

"शेठ, कपडा आटतो. लोखंड आटत नाही."

अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन १४८९ सीसी, पद्मिनीचं १०८९. टाकीची नळी काढून फोरमननी पेट्रोलची एक लिटरची बाटली जोडली आणि दोन्ही गाड्या बाटली संपेपर्यंत वांगणीच्या रस्त्याने पळवल्या. पद्मिनी लांब गेली. मग सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. अ‍ॅम्बेसिडरमध्ये पाणी कमी सांडलं, आणि तिच्या सीटवर बाई आडवी मावत होती. फोरमननी वहीत अ‍ॅम्बेसिडरच्या नावाखाली रेघ मारली.

वहिनी दारात तांदूळ निवडत होती. "फोरमनकाका, गाड्या मोजल्यात. गल्ली कुणी मोजली?"

फोरमननी लगेच अ‍ॅम्बेसिडर काढली. ते स्वतः ती रोज नाक्यावर लावून चालत घरी यायचे. पेशंट तसा चालणार नाही, हे त्यांच्या मोजमापात आलंच नव्हतं. विहिरीजवळच्या वळणावर गाडी अडकली. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मडगार्ड विहिरीच्या कठड्याला घासलं. पद्मिनी पहिल्या खेपेला आमच्या उंबऱ्यापर्यंत आली.

त्यांनी वहीतली रेघ खोडली. "पद्मिनी."

"हरली की तुमची!" भाऊ म्हणाला.

"हरली नाही. वळली नाही."

पुढच्या रविवारी त्यांनी पद्मिनीच्या मागच्या सीटला फळी जोडून वर गादी बसवली. टेप लावून वहिनीला तिच्यावर झोपवून पाहिलं. पाय दोन इंच बाहेर येत होते. त्यांनी दोन इंच लांब अशी नवी फळी कापली.

मे महिन्यात एका सकाळी वहिनीला दारातूनच गाडीत घेतलं. फोरमन चालवत होते. दुपारी उल्हासनगरला मुलगी झाली.

फोरमन १९९४ साली वारले. तोवर पेशंटची गाडी तेच चालवत. त्याच वर्षी वहिनीने लायसन्स काढलं.