मामांनी जोडलेली वीतभर कड

महिना होत आला. त्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला होता. ‘‘तुझं मामा गेलं गं... चहा घेतला आन् बसल्या जागी.’’

उत्रोलीचे नामदेवमामा पत्र्याचं काम करायचे. भाटघरच्या रस्त्याला शेड, तिथं चेपलेले टेम्पो, जीपगाड्या. पण त्यांचा जीव शर्यतीच्या जुन्या गाड्यांवर. पुण्याच्या एका डॉक्टरांनी साठ वर्षांपूर्वीची दोन आसनांची उघडी गाडी त्यांच्याकडं आणली होती. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ती उतरवायची होती. बॉनेट चेपलेलं, कड सडलेली. ‘‘फायबरचं नवं बसवू. हलकं होईल, गाडी जास्त पळेल,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘पळंल की. पर मग ती ही गाडी न्हाई ऱ्हायची. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच हुईल.’’

पाच महिने लाकडी हातोड्यानं ठोकून मामांनी तोच ॲल्युमिनियमचा पत्रा मूळ आकारावर आणला.

शर्यतीच्या सकाळी मीही बरोबर होते. तपासनिसांनी बॉनेटवरून हात फिरवला. ‘‘सगळं मूळचंच ना?’’ डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. मामा पुढं झाले. ‘‘न्हाई सायेब. खालची वीतभर कड माजी हाय. सडली हुती, म्या नवी जोडली.’’

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, झालं... गाडी आता इथूनच माघारी. तपासनीस गुडघ्यावर बसून सांधा शोधत राहिले. सापडेना. शेवटी मामांनीच त्यांचं बोट धरून सांध्यावर ठेवलं.

‘‘तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंही नसतं,’’ ते म्हणाले.

‘‘म्हणून तर सांगावं लागलं.’’

तपासनिसांनी ती दुरुस्ती कागदावर नोंदवली आणि गाडी पास केली. ती शेवटून दुसरी आली. तरी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मामांना गाडीत शेजारी बसवून एक फेरी मारली. मामा टोपी धरून ताठ बसले होते. मी इतक्या अभिमानानं कधीच कुणाकडं पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी मामींबरोबर शेड उघडली. मागच्या भिंतीवर खिळ्यांना पत्र्याचे सडके तुकडे टांगलेले. मामांनी गाड्यांतून कापून काढलेले. प्रत्येकाला तारेनं बांधलेला पुठ्ठा, त्यावर त्यांच्या अक्षरात : गाडी कुणाची, काय काढलं, काय घातलं. मामींनीच बोलावलेला भंगारवाला आत आला आणि त्यानं पहिल्या तुकड्याला हात घातला.

‘‘त्ये ऱ्हाऊ दे,’’ मामी म्हणाल्या. ‘‘उद्या कुणी इचारलं, तर दाखवाय पायजे.’’