अढीतली वाइन

आमचा शेजारी महिपत तावडे मानपाड्याच्या एका कारखान्यात रंग जुळवायचं काम करतो. दोन पांढऱ्यांतला फरक सांगणारा हा माणूस चाळिशीत वाइनच्या नादी लागला. पेल्यात नाक घालून तो ‘जांभूळ, ओली माती, जुन्या कपाटाची फळी’ असलं काहीबाही सांगतो आणि आम्ही मान डोलावतो, कारण काजूची बशी त्याच्या हातात असते.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी त्याच्याकडे निकाल लागतो. वर्षातली सर्वांत आवडती बाटली कोणती आणि सर्वांत निराशा करणारी कोणती? आवडतीत मनीप्लांट लावून ती हॉलमध्ये ठेवतात. दुसरीत चित्रावहिनी फिनेल भरतात आणि तिची रवानगी संडासात होते. इथे वशिला चालत नाही. साहेबांनी परदेशातून आणलेली बाटली त्याने फिनेलला दिली. पुढे साहेब घरी आले, चहा प्यायले, संडासात जाऊन आले, आणि महिपतची बढती तिथेच राहिली. गेल्या वर्षी तो मान माझ्या बाटलीला मिळाला. तिला भेटायला मी अधूनमधून जातो.

त्याच्या घरात एकच बाटली अशी होती, जिला कोणी हात लावायचा नाही. मुलगी मेघना हिने पहिल्या पगारातून आणलेली. “बाबा, तू रिटायर होशील तेव्हा उघडू,” असं सांगून ती नोकरीला बंगळूरला गेली. महिपतने बाटली गोणपाटात गुंडाळून आतल्या खोलीत, पलंगाखाली आडवी ठेवली. घरातली सर्वांत थंड जागा तीच.

ह्या मे महिन्यात तो गावाला घराची कौलं बदलायला गेला होता. परत आला आणि सवयीने पलंगाखाली आंब्यांच्या अढीत हात घातला. आंबा लागायच्या जागी काच लागली. काच गरम होती, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी.

“तुमची बाटलीपण मध्येच ठेवली हो,” चित्रावहिनी कौतुकाने म्हणाल्या. “एकटीच पडली होती कोपऱ्यात. उबेला चांगली मुरेल. वरून गवत जास्तीचं घातलंय.”

लोणच्याच्या बरणीची घ्यावी तशी त्यांनी त्या बाटलीची काळजी घेतली होती. महिपतने बाटली बाहेर काढली. बूच किंचित वर आलं होतं आणि मानेवरून चिकट ओघळ खाली आला होता. वाइन उष्णतेने शिजली, हे त्याला कळून चुकलं.

“छान केलंस,” तो म्हणाला आणि जिना उतरून माझ्याकडे आला. डिसेंबरअखेर तो रिटायर होणार होता आणि ह्या वर्षीच्या निकालालाच मेघनाची बाटली उघडायची ठरली होती.

“अरे, उघडल्यावर मी बोलू काय? खोटं बोललो तर मेघना ओळखणार. वाइन आवडली नाही की माझा हात कानाला जातो, तिला लहानपणापासून माहितीय. खरं बोललो तर ती म्हणणार, बाबाने माझी बाटली फिनेलला दिली. आणि कारण सांगावं, तर हिचं काय?”

“फोडून टाक. मांजराने पाडली म्हण.”

“मांजर कुठंय आमच्याकडे?”

तेव्हापासून महिपतची झोप गेली. आरशासमोर उभा राहून तो हात खाली ठेवायचा सराव करायचा. गणपतीनंतर त्याने नवी युक्ती काढली. मेघनाच्या बाटलीपेक्षा वाईट बाटली मिळाली, की फिनेलची जागा भरली! माजिवड्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत दुकानं पालथी घालत तो विचारू लागला, “तुमच्याकडची सर्वांत वाईट वाइन कुठली?” एका दुकानदाराने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्याने विचारलं, “पाहुण्यांना द्यायची का?” आणि आतून एक अननसाची काढून दिली. खोकल्याच्या औषधात साखर विरघळवावी तशी तिची चव होती. महिपतला गहिवरून आलं.

निकालाच्या दुपारी मेघना आली होती. महिपतने घाईघाईने नाशिकची एक साधी लाल आवडती म्हणून जाहीर केली आणि अननसाची उघडली.

“ह्या वर्षाची निराशा!” तो आनंदाने ओरडला.

“ही?” चित्रावहिनी म्हणाल्या. “अहो, किती गोड आहे. मला अजून द्या थोडी.”

माझ्या बायकोनेही पेला पुढे केला. महिपतचा चेहरा उतरला.

मग मेघनाने स्वतः आपली बाटली उघडली, बापाला ओतून दिली आणि त्याच्या कानाकडे बघत बसली. महिपतने घोट घेतला. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता.

“वा,” तो म्हणाला. आणि डावा हात कानाला गेला.

मेघनाने पेला उचलून चव घेतली. “बाबा, हा मुरंबा आहे.”

“नाही गं. जांभूळ आहे, ओली माती...”

“फिनेल, बाबा. नियम म्हणजे नियम.”

कोणी हसलं नाही. चित्रावहिनींनी हातातला पेला खाली ठेवला. “अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “अढीमुळे झालं का?”

महिपतने माझ्याकडे पाहिलं. मी काजूकडे पाहिलं.

“हो,” तो म्हणाला.

“मग मे महिन्यातच सांगायचं ना! मी काय खाल्लं असतं तुम्हाला? रात्ररात्र कूस बदलत होतात, मला वाटलं ह्यांना काही दुखणं लागलंय. अंबामातेची ओटी बोलून बसले मी!”

“आई, तू बाटली अढीत घातलीस?” मेघना म्हणाली आणि हसत सुटली. चित्रावहिनी मात्र पदराने डोळे पुसत होत्या. “पहिल्या पगाराची होती गं,” एवढंच त्या म्हणाल्या.

वाईट वाइनचा दुसरा घोट महिपतने तोवर कधी घेतलेला नव्हता. साहेबांसमोर नाही, माझ्यासमोर तर नाहीच. त्याने मेघनासमोर पेला धरला.

“भर.”

“बाबा, राहू दे. दुसरी आणू.”

“भर म्हटलं ना. आणि तू बस गं इथे,” त्याने बायकोला शेजारी बसवलं. मग महिपत तो मुरंबा घोटघोट प्यायला, बाटली संपेपर्यंत, एक हात बायकोच्या हातात देऊन. पेला खाली ठेवला की दुसरा हात कानाला जात होता, तो त्याने जाऊ दिला.