गर्भपिशवीतला टीबी

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला दिवस गेले नव्हते. मी सासरी, वडगाव रासाईला. नवरा रांजणगावच्या कंपनीत, शिक्रापूरला खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी यायचा. "लेक घरी आसतो कवा? मग पोर कसं व्हनार?" असं सासूबाईच बायकांना सुनवायच्या. मला त्यांचा केवढा आधार वाटायचा.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडेही त्याच घेऊन गेल्या. नवऱ्याची तपासणी चांगली आली. मग माझी दुर्बिणीतून तपासणी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून पुण्याला पाठवला.

रिपोर्ट वाचून बाई म्हणाल्या, "तुम्हाला टीबी आहे. गर्भपिशवीचा. दोन्ही नळ्या बंद झाल्यात."

मला हसूच आलं. टीबी म्हणजे खोकला, छाती, थुंकीतलं रक्त. मला साधी सर्दी होत नव्हती. पाळी अगदी कमी जायची, पण ती मला उलट सोयीचीच वाटायची.

"आधी छातीत शिरतो, मग रक्तातून खाली उतरतो. कळतही नाही. घरात कुणाला झाला होता?"

"नाही," मी म्हणाले.

"व्हय," शेजारून सासूबाई म्हणाल्या. "आमच्या मालकांना झालता."

सासरे माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेले. दमा आहे, असं मला सांगितलं होतं. त्यांना भरवणारी मी, थुंकीचं भांडं धुणारी मी. गार वारं लागू नये म्हणून खिडक्याही मीच लावून घ्यायचे.

"आई, मला सांगितलं का नाही?"

"आदी सांगितलं आसतं तर लगीन मोडलं आसतं. आन् मागनं... ऱ्हाऊनच गेलं."

बाई म्हणाल्या, त्यांच्यामुळेच झाला असं ठामपणे सांगता येणार नाही. मला पुढचं ऐकूच येईना.

बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. "मामांना टीबी होता, तुम्हाला माहीत होतं?"

तो म्हणाला, "तू त्यांचं एवढं मनापासून करत होतीस. कुठल्या तोंडानं सांगणार?"

मी फोन बंद केला आणि तिथेच पायरीवर बसले.

गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. टीबी बरा झाला. नळ्या उघडल्या नाहीत. पुढे दिराचं लग्न ठरत होतं, तेव्हा पाहुण्यांसमोर मी सासऱ्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही टीबीबद्दल बोलले. सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मुलीच्या आईनं मात्र माझा हात घट्ट धरला.