मिठाच्या वाघिणींचा रंग

चांगदेव गावंडाला लग्नाला बोलवायचं तर यजमानांनी जरा बेतानंच बोलवावं. हा गृहस्थ नवरानवरीकडं बघत नाही, भिंतीवरचे जुने फोटो बघत फिरतो. एखाद्या फोटोत मागं मालगाडी दिसली की चष्मा कपाळावर चढवून विचारतो, "ही वाघीण तवा कनच्या रंगाची व्हती?" फोटो काळापांढरा. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हेच घरच्यांना आधी समजावून सांगावं लागतं आणि तेवढ्यात जेवणाची पंगत उठते.

उरणच्या खाडीकाठी ज्यांची मिठागरं होती, त्या घरांतली पोरं पुढं ट्रेलरवर चढली. चांगदेवानंही तीस वर्षं बंदराचे कंटेनर ओढले. आता गाड्या मुलगा निकेत सांभाळतो आणि सहासष्ट वर्षांचा हा माणूस माडीवर बसून बोटभर लांबीच्या वाघिणी बनवतो. गावाजवळच्या मिठागरापर्यंत पूर्वी एक रेल्वेचा फाटा येत असे. त्या फाट्यावरून मीठ भरून जाणारी गाडी लहानपणी त्यानं पाहिलेली. हुबेहूब तीच गाडी करायची, हा त्याचा ध्यास. आकार, चाकं, दारांच्या कड्या सगळं जमलं. अडलं ते रंगाशी; तो काही केल्या आठवेना.

रंगाच्या बाबतीत माणूस फार खवचट. हौशी मॉडेलवाल्यांच्या मंडळात कुणी आपली गाडी दाखवली की सगळे वाहवा करतात आणि हा म्हणतो, "छान आहे, पण हा रंग त्या सालातला नाही." स्वतःसाठी मात्र त्यानं तीन वर्षं घासली. मुंबईला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धूळ खाल्ली, रेल्वेच्या निवृत्त साहेबांच्या घरी चहा प्याला. साहेबांनी चहा चांगला पाजला. रंग प्रत्येकानं वेगळा सांगितला.

पुरावा शेवटी परसातच सापडला. फाटा बंद झाला तेव्हा मोडीत निघालेल्या एका वाघिणीचं लोखंडी दार त्याच्या वडिलांनी आणून शेळ्यांच्या खोपीला लावलं होतं. चांगदेवानं गाडी रंगवणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणं पॉलिश पेपर घेऊन दारावर रुपयाएवढा खळगा घासला. वर हिरवा, त्याखाली निळा, मग पांढरट आणि अगदी तळाशी, लोखंडाला बिलगून, एक ऊबदार तांबडा. सापडला म्हणून तो माडीवर असा नाचला की खाली त्याची बायको केसर हातातलं भांडं घेऊन अंगणात पळाली.

त्यानं खळग्याचे फोटो काढले, चार पानांचा लेख लिहिला. मंडळाच्या वार्षिक अंकात तो छापून आला. जबलपूरच्या एका निवृत्त गार्डानं तो वाचून सहा वाघिणी तशाच रंगवल्या, चेन्नईच्या एका डॉक्टरांनी चार. चांगदेवानं स्वतः अकरा रंगवल्या आणि रविवारी पनवेलला भरणाऱ्या प्रदर्शनाच्या 'अचूक रंग' विभागात नाव दिलं.

शुक्रवारी दुपारी त्याची आत्या कृष्णाबाई आली. वय त्र्याऐंशी, राहायला दोन गावं पलीकडं, हातात सुकवलेल्या कोळंबीची, सोड्यांची पिशवी. केसरनं तिला कौतुकानं माडीवर नेलं. आत्यानं एक वाघीण तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिली.

"सोन्यावानी केलंस रं," ती म्हणाली. "पन यो रंग रेल्वेचा नाय. यो तुझे आयशीचा गेरू हाय."

चांगदेव हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

मिठागरावरचं लोखंड घरी आलं की ते तसंच कुणी वापरत नसे. मीठ आत मुरलेलं असतं, वरून कितीही रंग मारा, खालून सडत जातं. म्हणून आधी ते वाळूनं घासून पार उघडं करायचं, गोड्या पाण्यानं धुवायचं आणि मग जवसाच्या तेलात कालवलेला गेरू चोळायचा. घरोघर हीच रीत. चांगदेवानं लहानपणी स्वतःच्या हातानं कितीतरी फावड्यांना तो चोळला होता. पण दार रेल्वेचं म्हटल्यावर तळाचा रंग सरकारीच असणार, असं त्यानं धरून टाकलं. आईचा हात त्यावरून फिरला असेल, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

"मग खरा रंग कनचा?" त्यानं विचारलं.

"वरती जुन्या कौलासारखा, मलका. आन् कमरेच्या खाली रंगच नव्हता. मिठानं खाल्लेला. नुसता गंज, आन् आमी मिठाची पाटी उलटी करायचो त्या दारापाशी पांढरे ओघल."

आत्या खाली चहाला गेली. चांगदेव अकरा वाघिणींसमोर बसून राहिला. "परवा प्रदर्शन," तो केसरला म्हणाला. "लेख छापून झाला. कुनाला कलनार हाय?"

"तुला कलला ना," केसर म्हणाली. "उद्या दुसऱ्याचा रंग चुकीचा म्हनशील, तवा कुठं बघशील?"

त्याला राग आला, कारण बोलणं खरं होतं.  मग फोन उचलून त्यानं मंडळाच्या गटावर लिहिलं की माझा लेख चुकला आहे; तो रंग रेल्वेचा नसून माझ्या आईनं कालवलेल्या गेरूचा आहे, सर्वांची माफी मागतो. लिहिताना कान तापले होते. पाच मिनिटांत जबलपूरच्या गार्डाचा फोन आला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, पाच वाघिणी नव्यानं रंगवतो, सहावी तशीच ठेवतो. कुणाच्या आईचा रंग सगळाच पुसून टाकायला हात धजत नाही. 

आत्याला त्यानं जाऊ दिलं नाही. शनिवार सगळा ती माडीवर खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. तो नवा रंग चढवायचा आणि खालून घासून काढायचा. "आजून खाव दे," ती म्हणायची. "मीठ येवडा गरीब नसतं." सुबक गुळगुळीत वाघिणी एकेक करून विद्रूप होत गेल्या. संध्याकाळी त्या ओळीनं मांडल्या तेव्हा आत्या खुर्चीतून उठून जवळ आली. नंतर तिनं एका वाघिणीच्या दारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितं फली लावायचो, चढायला."

रविवारी पनवेलला हॉल भरला होता. चकचकीत गाड्यांच्या रांगेत चांगदेवाची गंजकी गाडी बघून परीक्षक थबकले. पुण्याहून आलेले, काटेकोर गृहस्थ. रंगाला संदर्भ काय, म्हणून त्यांनी विचारलं. बाकीच्यांनी नकाशे आणि छापील कागद जोडले होते.

"संदर्भ तिकडं बसून चहा पितोय," चांगदेव म्हणाला.

परीक्षकांना ते आवडलेलं दिसलं नाही. तरी ते आत्याच्या खुर्चीपाशी गेले, वाकून म्हणाले, "आजी, पन्नास वर्षं होऊन गेली. एका डब्याचा रंग तुम्हाला इतका नेमका कसा आठवतो?"

आत्यानं कप खाली ठेवला. "बारा वर्सं डोक्यावर पाटी घेऊन त्याच्याकडंच तोंड करून चाललो, बाबा. दुसरं बघाला काय व्हतं?"

 परीक्षकांनी कागद पुढं ओढला, संदर्भाच्या रकान्यात लिहायला घेतलं आणि तिला पूर्ण नाव विचारलं. ती सांगत होती आणि चांगदेव शेजारी मान खाली घालून उभा होता. तीन वर्षं तो मुंबईला खेपा घालत होता, आणि दर खेपेला त्याची बस हिच्या दारावरून जात होती.