न उघडणारी खिडकी

संपात वडिलांची गिरणी बंद पडली आणि आई सुकी मासळी विकू लागली. बसमध्ये लोक नाकाला रुमाल लावायचे, म्हणून ती पिशवी घेऊन मागच्या खिडकीपाशी उभी राहायची. वास वाऱ्याबरोबर निघून जायचा.

मोनोरेल आली तेव्हा आई सत्तरीकडे झुकली होती, पण धंदा सुटला नव्हता. मी हट्टाने तिला वडाळ्याहून लालबागला मोनोरेलने घेऊन निघालो.

"बघ, विजेवर चालते. धूर नाही, काही नाही."

डबा जवळजवळ रिकामा होता. तरी ती बोंबलांची पिशवी छातीशी धरून दाराशीच उभी राहिली.

"बस ना गं, आई."

"खिडकी खंय उघडता?"

उघडत नव्हती. डबा एसी होता. पुढे कोणी चढेल, त्याला वास येईल, म्हणून पुढच्याच स्टेशनला ती उतरली. मला भयंकर राग आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. मीही मागोमाग उतरलो.

उरलेलं अंतर आम्ही भर उन्हात चालत गेलो. आई मोनोरेलच्या खालून, वरच्या मार्गाच्या अरुंद सावलीतूनच चालत होती.

"गाडी बरी आसा हां," ती म्हणाली. "सावली पडता."