साम्याचा रकाना

दोन नाटकांची तुलना करणाऱ्या निबंधाचा सराव वर्गात घड्याळ लावून चालला होता. मी मागच्या बाकावरून पाहत होतो. फळ्यावर दोन रकाने होते, साम्य आणि भेद.

एक मुलगी उठली. "सर, दोन्ही नाटकांत आई गप्प बसते. पण एक घाबरून, दुसरी रागावून. हे भेदात लिहू?"

"गप्प म्हणजे गप्प, बाई. साम्यात टाक," सर घड्याळ बघत म्हणाले. "एवढा विचार केलास तर पेपर अर्धा राहील, मार्क जातील."

वर्ग हसला.

नाटक शिकवायचं आणि त्यातल्या मौनाला अर्थ नाही असं ठरवायचं, याची चीड येते. मुलीने निमूटपणे साम्याच्या रकान्यात लिहिलं. मग सगळा वर्ग गप्प राहून लिहू लागला. तीही गप्प होती, पण घाबरून नव्हे.