भिकुबाईचं पातेलं

हातात पाना आला की पारोळ्याचे धनसिंग आबा माणसात नसायचे. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त होईनात. चांगला चाललेला पंखासुद्धा उघडायचे, बिघडवायचे आणि मग दिवसभर नीट करत बसायचे. त्यांच्या बायकोनं, ताईबाईनं, या खोडीपुढं केव्हाच हात टेकले होते.

या चैत्रात मात्र काम तिनंच दिलं. दरवर्षी ती आणि तिची धाकटी बहीण भिकुबाई सप्तशृंगीच्या गडावर पायी जायच्या. पहिल्या मुक्कामाला दोघींचा पितळी स्टो पेटायचा आणि भिकुबाईच्या पातेल्यात देवीची लापशी शिजायची. मागच्या पावसाळ्यात भिकुबाई गेली. "यंदा तिना नावनी लापशी तिनाच पातेलामा करसू," म्हणत ताईबाईनं माळ्यावरचं ते काळंमिट्ट सामान आबांपुढं ठेवलं.

आबांना काय, घबाडच! पंपाचं चामड्याचं वायसर तेलात भिजवलं, बर्नरची काजळी खरवडली, रॉकेल मिळवताना नाकी नऊ आले ते वेगळंच. स्टो घरघरत निळा पेटला तेव्हा स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. मग पातेलं घेऊन धुळ्याला पॉलिशवाल्याकडे गेले. गळ्यापाशी खिळ्यानं ओढलेले वेडेवाकडे ओरखडे होते.

"आबा, ही अक्षरं आहेत का काय? जातील बरं," पॉलिशवाला म्हणाला.

खिशातला चष्मा लावायचाही आबांना कंटाळा. "अहो, कसली अक्षरं! घासा. आरसा झाला पाहिजे."

आरसाच झाला. कल्हई करून घरी आणलं. ताईबाईनं गळ्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"भिकीनं नाव कोठे गयं?"

प्रौढशिक्षणाच्या वर्गात भिकुबाई जेमतेम आपलं नाव लिहायला शिकली होती. शिकली त्याच दिवशी खिळा घेऊन पातेल्यावर कोरलं, आणि गल्लीभर दाखवत फिरली. तिच्या हातचं तेवढंच काय ते मागं राहिलं होतं. आबांनी तोंड उघडलं, तोवर नाव आधीच झिजून गेलं असणार असं धरून ताईबाईच रडायला लागली.

"मीच मेली, दर साल राख लाई लाई घासं. मीच मिटाई टाकं."

आणि आबा गप्प बसले. काय म्हणावं या माणसाला! रडेल आणि विसरेल, असं वाटलं त्यांना. ती कसली विसरतेय? भाकरी थापताना मधेच थांबायची, स्वतःच्या बोटांकडे बघायची, डोळ्यांना पदर लावायची. आबा समोरच जेवत असायचे. रोज ठरवायचे, आज सांगतो. आणि पाना घेऊन पंखा उघडत बसायचे.

जन्मात कधी पायी न गेलेले आबा यंदा तिच्यासोबत निघाले. धुळ्याच्या अलीकडे लिंबाखाली मुक्काम पडला. स्टो पेटला. ताईबाईनं पातेलं उचललं, पण चढवेना. ज्या हातांनी बहिणीचं नाव पुसलं, त्या हातांनी देवीचा नैवेद्य कसा करू, म्हणत तिथंच हुंदके द्यायला लागली. बरोबरच्या बाया पाठीवरून हात फिरवत होत्या. आबांना ते बघवेना.

"तू नही घासं," ते सगळ्यांदेखत बोलून गेले. "मी घसाई आनं. पॉलिशवालानी इचारं व्हतं माले. मीच सांगं, घास."

आता पातेलं फेकून मारेल, असं आबांना वाटलं. मारलं असतं तर बरंच झालं असतं. पण तिनं ते सावकाश खाली ठेवलं आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. नावाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"मंग इतला दिन माले रडू का दिधं?"